कमानीचा साचा

हर्बर्ट थर्टलच्या शेडमध्ये भिंतीवर ना येशू होता, ना राणी. होता तो एक लाकडी साचा. थर्न नदीवरच्या जुन्या दगडी पुलाची मधली कमान त्याच्या बापानं ओहोटीच्या वेळी होडीत उभं राहून मापली आणि फळ्यांतून हुबेहूब कापून काढली. साच्याच्या पायाशी पाण्याची तांबडी रेघ. त्या रेघेवर बसवलेली बोट साच्यातून निघाली, तर पुलाखालून निघणारच. थर्टलांच्या घरात एवढा एकच धर्म.

धर्म असणं भागच होतं. शेड पुलाच्या वरच्या अंगाला आणि सुट्टीवाल्यांना बोटी भाड्यानं देणारे मालक सगळे खालच्या अंगाला. बोट कमानीखालून गेली नाही, तर ती बोट नाहीच, पाण्यावरचं खुराडं. म्हणून थर्टलांची बोट लांबून ओळखू यायची. खोलीवरचा टप बुटका, त्याचे दोन्ही खांदे आत झुकलेले, पुढची काच बिजागरीवर आडवी पडणारी, सुकाण्यावरचं छप्पर मागं सरकणारं. आत मात्र वाकून वावरायचं.

हे वाकणंच हेलॉकसाहेबाला नडत होतं. त्याच्या ताफ्यात चाळीस बोटी.

"हर्बर्ट, माणूस आठवडाभराची रजा काढून येतो तो काय गुडघ्यात मान घालून चहा करायला? मला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे."

"मग पूल उचला साहेब, मी टप उचलतो."

"प्लॅस्टिकवाले उचलून देतायत टप. पुलाच्या खालच्या अंगाला बसून. त्यांना तुझ्यासारखा पूल आडवा येत नाही."

सुट्टीवर आलेल्या माणसाला नदी हवी असते, पण नदीपुढं वाकायचं नसतं. आणि त्याच्या न वाकण्यापायी काठावरच्या कारागिराची मान वाकते. दोन हिवाळे शेडमध्ये एकही नवी बोट उभी राहिली नाही. तिसऱ्या हिवाळ्यात हर्बर्टनं टप चार इंच उचलला. ठरलं असं, की ईस्टरच्या आधी ही एक बोट हेलॉकच्या धक्क्याला लागली, तर आणखी बारा बांधायच्या. नाही लागली, तर शेडला कुलूप.

बोट देखणी झाली होती. तिच्यावर रोगणाचा हात धाकट्या भावाचा, सिरिलचा. ब्रश धरावा तर सिरिलनं, असं अख्खी नदी म्हणायची.

नेमका तीन दिवस वायव्येचा वारा घोंगावत राहिला. समुद्राचं पाणी नदीत तुंबलं, ओहोटी नावालाच. ईस्टरआधीच्या गुरुवारी दुपारी पुलाशी जेथ्रो मेस उभा होता, बोटी पुलाखालून काढून देणारा म्हातारा वाटाड्या.

"बर्ट, पुलावरची पट्टी वाच. कमानीखाली तीन इंच जागा कमी आहे. आज नको."

"साच्यातून निघालीय ती. टपावर इंचभर जागा ठेवून."

"साचा तुझ्या बापाच्या वेळचा. तेव्हापासून पूल चिखलात किती बसला, मोजलंयस?"

हर्बर्टचं डोकं फिरलं. "माझ्या बापाचं माप तू काढणार? तुझ्या बापाला स्वतःच्या विजारीचं माप येत नव्हतं!"

खरी गोष्ट अशी, की आजवरच्या बोटी इतक्या बुटक्या होत्या, की साचा खोटा पडला तरी कुणाला कळलं नसतं. पण हे त्या क्षणी कोण ऐकतो?

तीन इंचांवर नदीकाठी एक जुना इलाज आहे. हर्बर्ट दारूच्या गुत्त्यात गेला आणि एकेका पिंटच्या बोलीवर दहा जाडे गडी उचलून आणले. त्यांना बोटीत दाटीवाटीनं बसवलं. बोट खाली बसली.

"सिरिल, तुझ्या बायकोलाही बोलवायची. पूल काय, नदीचा तळ गाठला असता!" एक गडी म्हणाला. सगळे हसले. सिरिलही हसला. तो बाहेरच्या अरुंद कडेवर उभा होता, आपलं रोगण खरवडलं जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून.

बोट अर्धी आत गेली आणि टपानं दगड चाटला. कर्कश आवाज झाला. सिरिलनं आयुष्यभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून बजावलं, तेच केलं. दगडाला हात लावला.

"बसून राहा! कुणी हलू नका!" जेथ्रो ओरडला.

पण आवाजानं गडी बिथरले होते. मागून एकानं काठावर उडी टाकली, मग दुसऱ्यानं, मग सहा जणांनी. हलकी झालेली बोट वर उचलली गेली. सिरिलचा उजवा पंजा टप आणि कमान यांच्यामध्ये राहिला.

"टप काप, बर्ट! काप!" जेथ्रोनं करवत हर्बर्टच्या हातात कोंबली.

हर्बर्टनं करवत टेकवली. उचलली. वीतभर पुढं टेकवली. पुन्हा उचलली. मग कापायला लागला, रडत, भावाचं नाव घेत. टप सुटला, पंजा सुटला. इस्पितळानं तो मनगटापासून काढला.

बारा बोटींचं काम प्लॅस्टिकवाल्याला गेलं. ऑगस्टअखेर शेड विकायला निघाली.

विकण्याआधी हर्बर्टला कमान पुन्हा मापायची होती. फळीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. सिरिल न बोलावता आला, डाव्या हातानं टोक धरून होडीत उभा राहिला.

"त्या दिवशी तू सांधा शोधत होतास," तो म्हणाला. "टप पुन्हा जोडता येईल असा."

हर्बर्टची पेन्सिल थांबली. "घाईत मला सुचेना, रे."

"आठ श्वास, बर्ट. मी मोजले."

हर्बर्टनं पेन्सिल फळीला टेकवली.

"रेघ मार," सिरिल म्हणाला, "हात भरून येतोय माझा."

नवा साचा हर्बर्टनं जुन्यावरच ठोकला, तांबड्या रेघेला रेघ जुळवून. जुनी कमान वर, नवी खाली. मधल्या फटीत त्यानं आपला उजवा पंजा आडवा घालून पाहिला. बरोबर मावला.