न चमकलेल्या पेशी

"मॅडम, या काळ्या पेशी बिघडलेल्या दिसतात. मोजताना वगळू का?" सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता माझी विद्यार्थिनी मृणालने विचारलं, आणि माझं डोकंच फिरलं.

एकाच पेशीपासून वाढवलेलं यीस्ट होतं ते. सगळ्यांची जनुकं तीच, बशी तीच, साखरही तीच. एक ठरावीक जनुक चालू झालं की पेशी हिरवी चमकावी, अशी सोय आम्हीच केलेली. काही झगमगत होत्या, काही अंधारात बसल्या होत्या. जनुक त्यांच्यातही होतं, फक्त बंद होतं. यात बिघडलं काय?

मी आणि नंदा हुबेहूब जुळ्या. मी परीक्षांत चमकले, ती गप्प गप्प राहिली. "दोघी एकाच पोटच्या ना गं? मग हिचंच असं कसं?" असं मावशी तिच्यादेखत विचारायची, तेही तिच्याच हातचा चहा भुरकत. घरात कुणालाही त्याची लाज वाटायची नाही. वर मलाच शाबासकी!

मृणालला मी एकही पेशी वगळू दिली नाही. कुठल्या पेशी उष्णता सोसतात ते पाहायला, ठरल्याप्रमाणे आम्ही बशी तापवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर चमकणाऱ्या बहुतेक मेल्या होत्या आणि अंधारातल्या कितीतरी पेशींना नव्या पेशींच्या कळ्या फुटत होत्या.

"म्हणजे याही कामाच्या निघाल्या, मॅडम!" मृणाल हरखून म्हणाली.

माझा पारा पुन्हा चढला.

"कामाच्या निघाल्या नसत्या, तरी मोजायच्याच होत्या."