दहा मिनिटांनंतरची रेघ

ही गोष्ट मी चारचौघांत अजून सांगितलेली नाही. म्हणजे अर्धी सांगितलीय, शंभर वेळा सांगितलीय. लग्नात, हळदीत, बारशाला, एकदा तर तेराव्यालासुद्धा. आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारा मीच. पण सांगतो ती पहिली अर्धी. उरलेली अर्धी सोळा वर्षं पोटात होती, आणि ती तुम्हाला सांगायची म्हणजे आधी पहिलीतूनच जावं लागेल. दुसरा रस्ता मला ठाऊक नाही.

तर पहिली अर्धी अशी.

लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एके दिवशी वैशाली म्हणाली, येताना ते किट घेऊन या. आम्ही राहायचो पूनम सागरला. तिथला मेडिकलवाला मला नावानिशी ओळखायचा, आणि त्याच्या काउंटरवर कायम आमच्याच बिल्डिंगमधलं कोणीतरी खोकत उभं असायचं. म्हणून मी शूर पुरुषासारखा चालत नया नगरला गेलो. तिथे एक पांढऱ्या दाढीचे चाचा. मी हळूच म्हणालो, ‘‘चाचा, वो… घर पे चेक करनेवाला देना.’’ चाचांनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘शुगरवाला?’’ मागे दोन बायका उभ्या होत्या. मी म्हणालो, ‘‘हां हां, शुगरवाला.’’ आणि साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन घरी आलो. वैशालीने पिशवीत हात घातला, डबी काढली, आणि एवढंच विचारलं — ‘‘साखर कोणाला झालीय?’’

इथे हशा पिकतो. मी पाणी पितो आणि दुसऱ्या कोणाची तरी टिंगल सुरू करतो. वैशालीही हसते दरवेळी. निदान हसायची.

आता पुढचं.

किट नंतर मी बरोबर आणायला शिकलो. दर महिन्याला एक. तारीख चुकल्यावर तपासायचं असतं हे तिला माहीत होतं, पण तिला दम निघायचा नाही. तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच ती सकाळी उठून बाथरूममध्ये जायची. तीन थेंब, पाच मिनिटं, एक रेघ. दोन दिसल्या तर आहे, एक दिसली तर नाही. बाहेर यायची ती सरळ पोहे भिजवायला. मी विचारायचो नाही. पोह्यांवरून कळायचं.

तो मंगळवार होता. सकाळी एकच रेघ आली. तिने ती पट्टी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि शाळेत गेली — भाईंदर वेस्टला बालवर्गाला शिकवायची ती. संध्याकाळी सातला मी कारखान्यातून आलो. कचरा दाराबाहेर ठेवायला उचलला, पिशवी फाटली, आणि ती पट्टी माझ्या पायाशी पडली.

माझी नोकरी काय, ते सांगायला हवं. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे. पॉलिश होऊन आलेलं ताट ट्यूबलाइटखाली तिरपं धरायचं आणि ओरखडा शोधायचा. केसापेक्षा बारीक ओरखडा, जो बाकी कोणाला दिसत नाही, तो मला दिसतो. याचा मला गर्व होता. माणसाला कशाचा गर्व असावा, याला काही मर्यादा असते का?

पट्टी उचलली, ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. दुसरी रेघ होती. पुसट, राखाडी, पण होती.

मी वैशालीला ओरडूनच हाक मारली. ती आली, बघितलं, म्हणाली, ‘‘सकाळी एकच होती.’’ मी म्हणालो, तू नेहमी घाई करतेस, अर्ध्या मिनिटात टाकून दिलं असशील. ती म्हणाली, ‘‘पाच मिनिटं उभी होते मी तिथे.’’ मग जरा थांबून — ‘‘उद्या परत एकदा करू या. किट आणाल?’’

आणतो म्हणालो. आणि पंधरा मिनिटांत माणगावला आईला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी किट आणलं नाही. विसरलो म्हणालो. तिसऱ्या दिवशी दुकान बंद होतं म्हणालो. दुकान उघडं होतं — मी समोरून गेलो होतो. का आणलं नाही? दुसऱ्या पट्टीवर एकच रेघ दिसेल ही भीती होती. पण तेव्हा ती भीती आहे हेसुद्धा मी स्वतःला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, आई एसटीने येऊन पोचली, डिंकाचे लाडू घेऊन. त्याच दिवशी वैशालीची तारीख होती, आणि पाळी आली नाही. शुक्रवारीही नाही. मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली. आईने तर माळ्यावरचं माझं बाळपणीचं झबलं काढायला मला स्टुलावर चढवलं. झबलं माणगावला होतं, हे आम्हाला दोघांनाही माळा उपसून झाल्यावर आठवलं.

रविवारी फिलोमिनाकडे जेवण होतं. फिलोमिना वैशालीच्याच शाळेत शिकवायची, समुद्राकाठच्या उत्तनची. तिच्या घरी नवी खोली बांधली होती, त्याचं. ती स्वतःच्या स्कूटरवरून न्यायला आली. आई कुरकुरली. मीच म्हणालो, जाऊ दे गं, तिलाही बरं वाटेल. वैशाली मागे बसून गेली, दिवस मावळायच्या आत परत आली, केसांना सुक्या मासळीचा वास आणि चेहरा असा फुललेला, की तसा मी नंतर कधी पाहिला नाही.

सोमवारी दुपारी तिचा कारखान्यात फोन आला. पाळी आली होती. चार दिवस उशिरा.

मी घरी पोचलो तेव्हा ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई दाराशी. डॉक्टरकडे जायचं होतं, आणि मला वाटलं किटचं खोकं सोबत असावं, विचारलं तर दाखवता येईल. ते बाथरूममध्ये साबणाच्या फळीमागे पडलेलं होतं. मी आत गेलो, दार लावलं, खोकं काढलं. त्यात एक घडीचा कागद होता, आजवर मी तो एकदाही उघडला नव्हता. चेकिंगच्या माणसाने! बारीक अक्षरात, तीन भाषांत. पाच मिनिटांनी निकाल वाचावा. दहा मिनिटांनंतर दिसलेला निकाल धरू नये. पट्टी वाळल्यावर फिकट, बिनरंगी रेघ उमटू शकते, तिला अर्थ नाही.

मी पट्टी वाचली होती तेरा तासांनी.

म्हणजे काही राहिलंच नव्हतं. काही पडलंच नव्हतं. पाळी चार दिवस लांबली, एवढंच. एरवीही लांबायची.

आणि बाहेर आईचा आवाज सुरू झाला.

‘‘अगं, चार दिवस घरात बसली असतीस तर काय झिजली असतीस? त्या उत्तनच्या रस्त्याला खड्डे केवढे, आणि तू स्कूटरवर! पोटात जीव आहे, ठाऊक होतं ना तुला? माझं नातवंड होतं गं ते.’’

आणि मग वैशालीचा आवाज. ‘‘चुकलं माझं, आई.’’

दार दोन हातांवर होतं. कडी उघडायची आणि एक वाक्य बोलायचं — आई, तिची चूक नाही, मी गाढव आहे. या घरात मी किती वेळा स्वतःला गाढव म्हणवून घेतलंय! साखरेच्या पट्ट्यांवरून म्हणवून घेतलं, झबल्यावरून म्हणवून घेतलं. मग त्या दिवशीच जीभ का टाळूला चिकटली? हशा मिळणार नव्हता म्हणून?

मी नळ सोडला. पूर्ण सोडला, रिकाम्या बादलीत. बादली भरली, वाहायला लागली, तरी बंद केला नाही. आई बोलायची थांबेपर्यंत.

कागदाच्या चार घड्या करून खिशात ठेवला आणि दवाखान्याच्या जिन्याखाली टाकून दिला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘टेस्ट पॉझिटिव्ह था? किसने देखा?’’ मी म्हणालो, ‘‘मैंने देखा. दो लाइन थी.’’ बघा, वाक्य खरं आहे. कधी पाहिल्या, हे त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर होतं असं कधीकधी, ‘‘किसी की गलती नहीं है.’’ वैशालीने मान डोलावली. पण तिने ते मानलं नाही, हे मला शेजारी बसून दिसत होतं. पुसट गोष्टी मला दिसतात.

महिनाअखेर तिने शाळा सोडली. आई म्हणाली होती, रोजची धावपळ नको आता. वैशालीने वाद घातला नाही. शिक्षा मागून घेतात तशी ती घरी बसली.

त्याच्या आधी फिलोमिना येऊन गेली. हातात कोळंबीच्या लोणच्याची बरणी. आईने आत ये म्हटलं नाही, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून रडली. ‘‘माजीच चूक हाय गो वैशाली. मीच तुला गाडीवर बसवली.’’ वैशाली बरणीकडे बघत राहिली. बोललो मी. बरणी घेतली आणि म्हणालो — ‘‘असू दे, असू दे.’’

मी तिला माफ केलं! कळतंय का तुम्हाला? जिने काहीही केलं नव्हतं तिला मी दारात उभं राहून मोठ्या मनाने माफ केलं. ती परत आली नाही. लोणचं मी खाल्लं. चांगलं होतं.

तुम्हाला वाटेल भित्रेपणा, एवढंच. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. वाटून घेत होतो. पण पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तिसऱ्यांकडे गेलो, दरवेळी पहिला प्रश्न — आधी कधी राहिलं होतं? आणि मी वैशालीच्या आधी सांगायचो, हो, एकदा. मग डॉक्टर म्हणायचे, राहिलं होतं म्हणजे राहील, थोडं थांबू या. माझी तपासणी लिहून द्यायचे, ती मी पुढे ढकलायचो. माझ्यात काय दोष असणार, एकदा राहिलं होतं ना? आई गावभर तेच सांगायची. ‘‘आमच्या हिचं एकदा राहिलं होतं, पण तिने जपलं नाही.’’ त्या वाळलेल्या रेघेने मला पास करून टाकलं होतं. तो शिक्का मी तिच्या जिवावर वापरला, वर्षानुवर्षं, आणि थांबता थांबता वैशालीचं वय निघून गेलं.

मूल झालं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ती वह्यांचा एक संच आणते. ते मूल ज्या इयत्तेत असतं, त्या इयत्तेचा. आणि कामाच्या मावशींच्या मुलीला देते. कधी बोलून दाखवलं नाही. मी ओळखलं, जेव्हा एका वर्षी चार रेघी वह्या थांबल्या आणि एकेरी सुरू झाल्या. यंदा तिने दहावीच्या आणल्या. मी दुकानात पिशवी धरून उभा होतो.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत तिचं एक नातवंड स्कूटरवर गेलेलं होतं. तेही मीच ठेवलं तिच्यापाशी.

आणि मग वैशालीला सांगितलं कसं? हिंमत आली म्हणून नाही. तेवढं श्रेय देऊ नका. गेल्या महिन्यात माझी भाची पल्लवी आमच्याकडे राहायला होती, तिच्या घरी रंगकाम निघालं म्हणून. लग्नाला दीड वर्ष झालंय तिच्या. एका सकाळी बाथरूममधून मोबाइल वाजला. ती बाहेर आली, गजर बंद केला, आणि आम्ही दोघं समोर चहा घेत बसलेलो असताना सहज म्हणाली, ‘‘नाहीये, मामी.’’ आमच्या वेळी हे पोह्यांवरून कळायचं.

वैशाली म्हणाली, ‘‘परत एकदा बघ ना. संध्याकाळी बघ तीच पट्टी. कधी कधी नंतर उमटते.’’

‘‘छे गं मामी,’’ पल्लवी म्हणाली. ‘‘नंतरची खोटी असते. वाळल्यावर येते ती. म्हणून तर टायमर लावते मी.’’

‘‘किती वेळानंतरची?’’

‘‘दहा मिनिटं. कागदावरच लिहिलेलं असतं.’’

वैशालीने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. उठली आणि मटार सोलायला घेतले. दिवसभर काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही — त्याही दिवशी नाही! पल्लवी गेली दुसऱ्या दिवशी सकाळी. दार लागलं, आणि मग मी बोललो. म्हणजे पकडला गेल्यावर, आणि तेही एक दिवस काढून.

सगळं सांगितलं. कचरा, ट्यूबलाइट, न आणलेलं किट, कागद, डॉक्टरीणबाई, लोणचं. गोष्टी सांगायची सवय आहे, पण ही नीट सांगता आली नाही. ती ओट्याशी उभी होती, पाठ माझ्याकडे. दूध वर आलं तसा तिने गॅस बंद केला.

‘‘कागद कधी वाचलात?’’

म्हणालो, तेव्हाच. सोमवारी. बाथरूममध्ये. आई तुला बोलत होती तेव्हा.

 तिने दुधावर झाकण ठेवलं. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली,

‘‘नळ चालू होता. मला वाटलं होतं, तुम्ही आत रडताय.’’