तिकीट न मिळालेला आमदार

मंगळवार, ३ मार्च १८७४. आभाळ स्वच्छ, थंडी कडक. स्टेशनवर कास्परला तिकीट नाकारले. घोडे जुंपून राजधानीला निघालो.

माझा नवरा कास्पर होल्टझेम पिंपे बनवायचा. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या शेतकऱ्यांनी त्याला एकाच कामासाठी विधानसभेत धाडले होते: रेल्वेने रुळांच्या कडेला कुंपण घालावे, असा कायदा करायचा. दरवर्षी कुणाची ना कुणाची गाय इंजिनाखाली जायची. कंपनी सगळ्या आमदारांना फुकट पास देई. कास्परने आपला परत पाठवला होता.

त्या दिवशी विधेयकावर मतदान होते. स्टेशनमास्तर फेन्स्के खिडकीतून म्हणाला, "आमदारसाहेब, तुम्हाला तिकीट विकायचं नाही, असा वरून हुकूम आहे. तुम्हाला गाडी फुकट."

"फुकट बसलो तर तिथे तोंड कसं उघडू?"

"बसा की गुपचूप. कोण बघतंय?"

"तू बघतोयस ना!"

फलाटावरची माणसे हसली. गाडी त्याच्याशिवाय गेली.

कामात त्याचा हात कापला होता, म्हणून बर्फावरच्या घसरगाडीचे लगाम मी घेतले. लहानपणी मी जोगिणींच्या कॉन्व्हेंटात शिकले होते, त्यावरून तो मला चिडवायचा.

"कॉन्व्हेंटात घोडे हाकायलाही शिकवलं वाटतं?"

"जप शिकवला. तो तू कर."

रस्त्याने गेलो असतो तर मतदान हुकले असते. मी घोडे गोठलेल्या सरोवरावर घातले. मार्चमधला बर्फ, उन्हाने वर घोटाभर पाणी. मध्यावर बर्फ कण्हू लागला, तेव्हा ओझे कमी व्हावे म्हणून कास्पर उतरला आणि काठीने ठोकत पुढे चालला. मला परत फिरावेसे वाटत होते. तो एकदाही मागे वळला नाही.

सभागृहात पोचलो तोवर नावांचा पुकारा त्याच्या नावापुढे गेला होता. पण निकाल जाहीर होईपर्यंत उशिरा आलेल्याला मत नोंदवता येई. तो उभा राहिला. पलीकडून एकजण ओरडला, "काय होल्टझेम, गाडी चुकली?"

"मी वेळेवर होतो. गाडीलाच मी परवडलो नाही. लिहा, माझं मत बाजूने."

विधेयक दोन मतांनी पडले.

वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात माझे डोळे भरून आले. कास्पर मात्र कारकुनाच्या टेबलापाशी गेला. "पुन्हा कधी मांडता येईल?"

"पुढच्या जानेवारीत. पण आधी निवडून तरी या, साहेब."

"येतो."

तो निवडून आला. पुढच्या वर्षीही विधेयक पडले, त्याच्या पुढच्या वर्षी मंजूर झाले. आमच्या गावाजवळ कुंपणाचा पहिला खांब रोवला तेव्हा फेन्स्केसुद्धा बघायला आला होता. नंतर एका निवडणुकीत कास्पर पडला आणि मुकाट्याने पिंपांकडे परतला. गेला तो कामावरच.

त्या मंगळवारी संध्याकाळी राजधानीतल्या खानावळीत मी रोजनिशीत शेवटी लिहिले: कास्परचे मोजे चुलीपाशी वाळत घातले. जेवायला बटाट्याचे सूप, मीठ कमी.