पुतळीबाईची सावड

“आणि नागली कोण लावील? तुमचा चेंडू?”

पुतळीबाईनं हे पुन्हा विचारलं आणि गुप्तेसाहेबांनी पुन्हा छत्री मिटली, उघडली, मिटली. मोखाड्यापासून पाड्यापर्यंतच्या वाटेनं त्यांचा एक बूट ठेवून घेतला होता. दुसरा त्यांनी हातात धरला होता आणि बोलताना तोच पुढं करत होते.

“अहो बाई, आमच्या गोलकीपरचं मनगट मोडलंय. रविवारी लीगची शेवटची मॅच. नुसती बरोबरी झाली तरी कप आमच्या गिरणीचा. बाबलला मला आज न्यायलाच हवं.”

“न्या की. माझा जिवा आणून उभा करा आणि तुमचा बाबल उचला. माणसाला माणूस. तसाच ठरला होता.”

“जिवा आमचा लेफ्ट विंगर आहे!”

“आणि हा माझा आवणीचा, लावणीचा गडी हाय.”

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो बाबल चुलीपाशी खेकड्याचा रस्सा ओरपत बसला होता. “माझं कोणी विचारणार असेल तर—” त्यानं तोंड उघडलं.

“तू जेव!” दोघंही एकदम म्हणाली.

पुतळीबाईला पाड्यावर सगळे टरकून असत. तिच्या घरून विस्तव नेला तर सांजेला विस्तवच परत करावा लागतो, असं बायका म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नवरा गेला तेव्हा लेक गौरा रांगत होती. भाताची चार खाचरं आणि वरच्या उतारावरची नागली बाईनं सावडीवर ओढली. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. ती कोणाच्या शेतात उन्हं कलेपर्यंत राबली आणि तिच्या शेतातून कोण पाणी प्यायच्या निमित्तानं लवकर सटकलं, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असे. भांडण तिला आवडत नसे. पण सोडायला त्याहून आवडत नसे.

जिवा तिच्या घरी आला तो घरोर म्हणून. सूर्यमाळचा पोर, घरी बैल नाही, कोठारात दाणा नाही, मग मुलीच्या आईबापाला देज देणार कुठून? तेव्हा रीतीप्रमाणं ठरलं, की त्यानं चार पाऊस पुतळीबाईच्या घरी राबायचं, चौथा पाऊस सरला की लग्न, आणि गौराला घेऊन सूर्यमाळला जायचं. पुतळीबाईनं त्याचे दात, दंड, पाठ, आवाज, सगळं पारखून घेतलं होतं. चार पाऊस कधीतरी संपतात, एवढी एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. तिसरा संपला तेव्हा ती आली. त्या दिवसापासून जिवानं चांगलं काम केलं की ती त्यात खोट काढायची.

अशात सव्वीस जानेवारीला ते जव्हारचं प्रकरण घडलं.

संस्थान विलीन होऊन चारेक वर्षं झाली होती. राजेसाहेबांच्या वेळी ज्या मैदानावर साध्या माणसानं दोरीपलीकडून बघायचं, तिथं आता कोणीही उभं राहत होतं. त्या दिवशी मुंबईच्या एका गिरणीची फुटबॉल टीम जव्हारच्या पोरांशी खेळायला आली होती. जिवा बाजारात कोंबड्या विकायला आलेला. दोन्ही हातांत दोन दोन कोंबड्या, उलट्या लोंबत्या. चेंडू उसळून थेट त्याच्याकडं आला. हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानं पायानं परतवला. चेंडू सगळं मैदान ओलांडून पलीकडच्या जाळीत जाऊन बसला. जिवाला वाटलं, सरकारी जाळी फाटली. तो कोंबड्यांसकट पळाला. टीमचे सेक्रेटरी गुप्तेसाहेब त्याच्यामागं धावले. मोखाड्याच्या रस्त्यावर साहेबांनी पाठलाग सोडला. जिवानं मात्र कोंबडीसुद्धा सोडली नाही.

जून लागायच्या आधी साहेब पाड्यावर हजर. मुंबईची लीग ऐन पावसात होते, चिखलात भलेभले घसरतात, आणि हा पोरगा तर चिखलातच वाढलेला. गिरणीत खात्यावर नाव लागेल, पगार मिळेल, काम एकच: खेळायचं.

“खेळायचा पगार?” पुतळीबाईनं विचारलं. “आणि काम करणाऱ्याला काय देता?”

तिला साहेबाला सरळ नाही म्हणायचं नव्हतं. त्यानं गावच्या कारभाऱ्याला, ढवळूला, आधीच विड्या देऊन ओटीवर बसवलं होतं. तेव्हा तिनं असा डाव टाकला की मुंबईचा माणूस ऐकूनच उठेल. “आमच्यात सावड असते,” ती म्हणाली. “माझा माणूस तुमच्या चिखलात, तर तुमचा माणूस माझ्या चिखलात. द्या एक.”

साहेब उठले नाहीत. ते विचारात पडले. त्यांच्याकडं एक राखीव गोलकीपर होता. दोन वर्षं तो नुसता बाकावर बसून होता, कारण पहिल्या गोलकीपरला कधी पडसंसुद्धा होत नसे.

“देतो,” साहेब म्हणाले.

पुतळीबाईचा डाव तिच्याच अंगावर आला. ढवळू कारभाऱ्यानं विडी विझवून निवाडा दिला: “नागलीचं शेवटचं रोप लागेपर्यंत याचा माणूस इथं राहील, तर जिवाचा हा पाऊस मोजायचा. मधी खंड पडला, तर नाय मोजायचा. आणखी एक पाऊस राबायचा.”

जिवानं गौराकडं पाहिलं. गौरानं सुपाकडं पाहिलं. आणि जिवा गेला.

बाबल परुळेकर आला तो ट्रंक घेऊन. जन्म परळच्या चाळीतला. भात त्यानं फक्त ताटात पाहिलेला. वाकला की पाठ धरायची, न वाकला तर पुतळीबाई. पहिल्या दिवशी त्यानं लावलेली रोपं संध्याकाळी पाण्यावर तरंगत बांधाशी जमा झाली.

“हा काय रं?” तिनं विचारलं.

“मावशी, मी गोलकीपर. आलेलं अडवायचं, एवढंच आम्हाला शिकवलंय.”

“मग माझा जेवण तरी अडवू नकोस.”

पण खाण्याच्या बाबतीत तो पहिल्या दिवसापासून तयार गडी निघाला. नागलीची भाकर, उडदाची आमटी, ओढ्यातले खेकडे. गौरा थापत राही आणि तो बसून राही. शेवटी पुतळीबाईनं त्याला बांधावर उभं केलं आणि सांगितलं, की रोपांच्या जुड्या तेवढ्या बायकांना फेकत जा. आणि तिथं बाबलचं नशीब उघडलं. कोणती बाई कुठं वाकली आहे हे तो न बघता ओळखायचा. जुडी हवेतून यायची ती बरोबर हाताशी, चिखलाचा थेंब न उडवता. बायकांना मागं वळायला लागेना. लावणी भराभर सरकू लागली. चार दिवसांत शेजारच्या सोमीनं, भिकाच्या सुनेनं, खालच्या आळीच्या बायकांनी ‘तुझा फेकणारा एक दिवस दे’ म्हणून पुतळीबाईचं दार धरलं. तिनं दिलाही, एकाच्या बदल्यात दोन दिवसांच्या बोलीवर.

जिवाची खबर मोखाड्याच्या दुकानातून यायची. तिथं शाळेचे मास्तर पेपर वाचून दाखवत.

“जिवानं दोन गोल केले म्हणे,” भिका सांगत आला.

“दोनच?” पुतळीबाई म्हणाली. “मग बाकीचा वेळ काय करत होता?”

पण भिका गेल्यावर ती गौराला म्हणाली, “पाय माझ्या चिखलात तयार झाले नि नाव गिरणीचं.” पुढच्या खेपेला तीन गोल झाले तेव्हा ती उठून खाचराकडं गेली. मुंबईला आवडलेली वस्तू मुंबई परत करत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तर असा तो ओटीवरचा वाद. गुप्तेसाहेब बूट पुढं करून विनवत होते, ती नाही म्हणत होती, आणि नाही म्हणता म्हणता एकाएकी थांबली. तिच्या डोक्यात ढवळू कारभाऱ्याचा निवाडा उभा राहिला. वरची नागली अजून लागायची होती. आज बाबल गेला तर खंड पडणार. खंड पडला तर पाऊस मोजायचा नाही. म्हणजे आणखी एक वर्ष गौरा घरात आणि जिवाही घरात. हे सगळं तिला करावंही लागणार नव्हतं. साहेबच करत होता.

“न्या,” ती म्हणाली.

साहेबांना वाटलं, आपल्या बोलण्यात काहीतरी जादू आहे. बाबलनं रस्सा संपवला, ट्रंक उचलली, मावशीच्या पाया पडला आणि दहा भाकऱ्या बांधून घेऊन गेला.

गौराला मात्र सगळं तिथल्या तिथं कळलं. ती आईशी बोलेनाशी झाली. नुसत्या भाकऱ्या थापायची, पण अशा, की शेजारच्या घरात ऐकू जावं.

“हळू थाप,” पुतळीबाई म्हणे. “परात मोडेल.”

थप्प.

“मी काय साहेबाला बाबलला न्यायला बोलावला? खंड त्यांनी पाडला.”

थप्प, थप्प.

रविवार गेला. सोमवारी पाऊस थोडा उघडला आणि दोघी मायलेकी वरच्या उतारावर नागली लावायला गेल्या. एकमेकींशेजारी वाकल्या होत्या, पण मधे एक ओळ रिकामी. दुपार कलली, तोच खालच्या वाटेवर सोमी ओरडली, “अगं पुतळे, तुझा माणूस कोणाचे कपडे घालून आलाय बघ!”

जिवा होता. अंगात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा सदरा, पाठीवर अकरा आकडा, खाली अर्धी चड्डी, पाय उघडे. तो शेताच्या कडेला आला, रोपांची जुडी उचलली आणि दोघींच्या मधली रिकामी ओळ लावू लागला.

पुतळीबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. “मॅच संपवून आलास?”

“नाय.”

“मग?”

“कालच्या मॅचला साहेबांनी बाबलला उशिरा आणला, डोक्यावर टोपी दाबून. मी पुढं खेळतो, मागं बघायचं काय काम? अर्धा खेळ झाला, सगळे लिंबू चोखायला बसले, तर हा शेजारी. मी म्हटलं, तू इथं? मग खाचरात कोण? तो म्हणाला, कोणी नाय.” जिवानं एक रोप खोचलं. “मग मी निघालो.”

“अर्ध्यातून?”

“साहेब ट्रामपर्यंत मागं धावले.”

“म्हणजे त्यांचे दहाच राहिले?”

“दहाच.”

“जिंकले का?”

“ठाऊक नाय. मी निघालो तवा कोणाचाच गोल झाला नव्हता.”

गौरा खाली मान घालून लावत होती, पण तिचे खांदे हसत होते. पुतळीबाईला हसू येत नव्हतं. एवढ्यात बातमी ऐकून ढवळू कारभारी काठी टेकत आला आणि बांधावरूनच म्हणाला, “आला ते बरा झाला, पण खंड तर पडला. बोली ती बोली.”

“हो,” जिवा म्हणाला. “बोली ती बोली. पुढल्या पावसाला राबीन.” आणि तो पुढं सरकला.

हे पुतळीबाईला हवं होतं तेच झालं होतं. कोणी तिच्यावर बोट ठेवणार नव्हतं. तिनं दोन रोपं खोचली. तिसरं उलटं खोचलं, ते उपटलं.

“कुठल्या वाटेनं आलास?”

“कसाऱ्याला उतरलो. तिथून चालत. विहिगाव, सूर्यमाळ, खोडाळा.”

“सूर्यमाळला थांबला असशील. आईच्या हातचं खाल्लं असशील.”

“घर वाटेतच ना. आई दारात होती, हाक मारली तिनं.” जिवानं साचलेल्या पाण्यात हात विसळले. “म्हटलं, आवणी राहिली हाय. झाली की येतो.”

“थांबला नाय?”

“नाय, मामी.”

दिवस मावळेपर्यंत पुतळीबाई खाली वाकून लावत राहिली आणि एकदाही तिनं कोणाला ‘हात चालवा’ म्हटलं नाही. सोमीला वाटलं, बाईला ताप भरला.

दिवेलागणीला तिघं चुलीपाशी बसली. जिवाचा पट्ट्यांचा सदरा वलणीवर ठिबकत होता. गौरानं भाकर वाढली, आवाज न करता. ढवळू कारभारी ओटीवर विडीच्या आशेनं बसलाच होता. पुतळीबाईनं पहिला घास मोडला, तो तोंडात न घालता हातातच धरला, आणि भिंतीकडं बघत, उद्या कोणता बांध घालायचा ते सांगावं तशा आवाजात म्हणाली,

“हा पाऊस मोजला. लग्न माघात. होळी झाली की सूर्यमाळचं पाणी आटतं, तवा तुम्ही दोघांनी इथं यायचं, ते इथली आवणी होईपर्यंत. मग तिकडची नागली लावायला मी सूर्यमाळला येणार, जिवाच्या आईला आवडो न आवडो. कारभारी, तुम्ही ऐकलंत ना? मी विचारत नाय. सांगते.”