ग्रहणातली विळी

गोजरबाई काष्टीची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली, म्हणून तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. बाहत्तर साली तालुक्याला सुइणींना शिकवायला नर्सबाई आल्या. म्हणाल्या, "मूल जन्मताच रडलं नाही, तर आधी तोंडातला चिकटा पुसा. मेंदूला प्राणवायू कमी पडला तर मूल उशिरा चालतं, बोलताना अडखळतं, उगाच चिडतं."

गोजरबाईची मान खाली गेली. गावातल्या लंकाची लेक हौसा निळी पडूनच जन्मली होती, आणि गोजरबाई मेली तिला रडवायला तिच्या कानाशी पितळी बडवत बसली होती! पुढं हौसा धड बोलेना, चिडली की स्वतःचाच हात चावायला लागली, तेव्हा गोजरबाईनंच गावभर सांगितलं होतं, "लंकानं पोटुशी असताना गिरानात विळीवर भाजी चिरली, म्हून."

सगळं कबूल करायचं म्हणून ती परतताना थेट लंकाच्या दारात गेली. लंका पुन्हा पोटुशी, दिवस भरत आलेली. तिनं लगबगीनं घोंगडी टाकली.

"गोजरमावशी, या खेपंला पैल्यापासनंच विळी शेजारनीकडं ठिवलीया. बाळतपनाला तुमीच या."

"व्हय," गोजरबाई म्हणाली. तेवढंच म्हणाली.