काकांची कॉफी

शांती नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका स्वतः कॉफी पीत नसत. तरी एस्प्रेसो मशीन घ्यायला ते स्टीलच्या डब्यात घरचं दूध घेऊन दुकानात गेले आणि "पहले झाग बनाके दिखाओ" म्हणून अडून बसले. तीन दुकानदारांनी हाकललं. चौथ्याने दाखवलं, म्हणून त्याच्याकडचं घेतलं.

मग महिनाभर रोज सकाळी सातला आमची बेल वाजायची. दारात काका, हातात छोटा कप.

"खरं सांगा हां. तुमची काकू मी काहीही दिलं तरी छानच म्हणते."

स्टेशनजवळ तेव्हा नवीनच कॉफीशॉप निघालं होतं. तिथली फेसाळ कॉफी काकूंना फार आवडली होती. पण गुडघे गेले आणि चार जिने उतरणंच बंद झालं.

सुरुवातीला काकांनी आपली नेहमीची चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पावडर भरली. मशीनची जाळी तुंबली. मग सुई घेऊन भोक न् भोक मोकळं करत बसले. मी "कडू झालीय" म्हटलं की ते नुसतं "बरं" म्हणून वर जायचे. त्या "बरं"ची मला धास्तीच बसली होती.

एका सकाळी घोट घेतला आणि मी थबकलो. "काका, आज जमली! जा, काकूंना द्या."

त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला.

"एकदा कुणालाही जमते," ते म्हणाले. "उद्या परत जमली, तर देईन."