वारा सोसेल असा रोटेटर

आमच्या घरी जगाच्या दिशा अंगणावरून ठरलेल्या होत्या. जपान फणसाच्या बाजूला, युरोप शेजारच्या काकांच्या गोठ्यावरून, आफ्रिका न्हाणीच्या कौलांवर आणि ऑस्ट्रेलिया विहिरीकडे. पपांना हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या वायरलेसवर जगभरच्या लोकांशी बोलायचा नाद आहे. गोव्यातल्या आमोण्याच्या धक्क्यावर खनिज वाहून नेणाऱ्या नदीतल्या बार्जींशी वायरलेसवर बोलायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. खाणी थांबल्या तशी नोकरी सुटली, पण बोलायची सवय सुटली नाही. त्यांनी रीतसर परीक्षा देऊन लायसन्स काढलं, आणि पेडण्यातल्या आमच्या घराच्या अंगणात लोखंडी मनोरा उभा करून त्यावर ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्यांची अँटेना चढवली. ती जिकडे तोंड करते तिकडचंच नीट ऐकू येतं, म्हणून सारखी फिरवावी लागते.

फिरवायचे मी. अँटेनाचा पाइप मनोऱ्याच्या आतून खाली येतो, त्याला काकांनी एका जुन्या सायकलचं हँडल वेल्ड करून दिलं होतं. पपा आत कानाला हेडफोन लावून बसायचे आणि जनेलातून ओरडायचे, "मातशी विहिरीकडे गो! आणखी. पुरो, पुरो! आता धर!" वारा असला की पाइप आपल्या मर्जीने फिरायला बघतो, त्यामुळे बोलणं संपेपर्यंत हँडल धरून उभं राहावं लागतं. पाइप जागच्या जागी अडकवायचा एक बोल्ट होता, तो कधीच झिजला. कुणी बदलला नाही, कारण मी होते. आईचा खांदा दुखरा, तिच्याने ते होत नाही. मला अनोळखी माणसांशी बोलायला आजही जमत नाही. पपा तासन्‌तास अनोळखी माणसांशी बोलायचे आणि मी बाहेर गप्प उभी. ही वाटणी मला आवडायची.

रोटेटर घेऊया ही गोष्ट मीच काढली. रोटेटर म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावर बसवायची मोटर. आत मेजावर तिचा डबा असतो, बटण दाबलं की वर अँटेना फिरते.

"कित्याक?" पपा म्हणाले. "तू असा मां?"

"दर वेळी मी घरी असेनच असं नाही."

"खंय जातलंस? तुयेच्या फॅक्टरीत?" ते हसले.

तुयेच्या कारखान्यात मी सर्किट बोर्ड तपासते, घरापासून स्कूटरवरून जाण्याएवढ्या अंतरावर. पण हैदराबादच्या एका कंपनीला मी तेव्हाच होकार कळवून बसले होते. मृग लागायच्या आधी रुजू व्हायचं होतं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी ठरवलं होतं, आधी रोटेटर बसू दे, मग सांगेन. म्हणजे पपांनी 'मग अँटेना कोण धरतला?' असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर असेल. आपल्या जागी एक यंत्र ठेवून जायचं आणि त्याला भेट म्हणायचं, हे मला त्या वेळीही बरं वाटत नव्हतं. तरी मी नेटाने त्याच्या मागे लागले.

"मग तूच निवड," पपा म्हणाले. "ती इंग्लिश पुस्तकां तुकाच समाजतत."

मी खरंच कंपन्यांची माहितीपत्रकं मन लावून वाचली. आधी वाटलं होतं, जास्त वजन फिरवणारी मोटर ती चांगली. पण फिरवणं हे सोपं काम असतं. अवघड असतं ते वाऱ्यात धरून ठेवणं. म्हणून पाहायचा तो ब्रेक, आणि आपल्या अँटेनाचं किती अंग वाऱ्याला लागतं ते. मी पपांना घेऊन एकेक नळी मोजली, हिशेब केला. हिशेबात एकच मॉडेल बसत होतं. जड, मजबूत ब्रेकचं. पण ते परदेशातून मागवावं लागणार होतं आणि येणार होतं भर पावसाळ्यात, मी गेल्यानंतर. दुसरं एक होतं, टीव्हीच्या लहान अँटेनासाठी बनवलेलं. ते आठवड्याभरात मिळत होतं.

मी ते दुसरं निवडलं.

कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे कारणं तयार होती. हलकं आहे, काकांना वर चढवायला सोपं जाईल, आमच्या अंगणाला माडांचा आडोसा आहे. पण आमच्या अंगणात वारा कसा येतो हे सगळ्यांत नीट मलाच माहीत होतं. तो माझ्या मनगटांना माहीत होता. पपांनी एकदाच विचारलं, "वारो धरतला मां?"

"धरतला," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर एवढा विश्वास नसता तर बरं झालं असतं, असं त्या आठवड्यात मला रोज वाटत होतं. जेवताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ते मात्र मेजावर रोटेटरच्या डब्यासाठी जागा करत होते.

बसवायचा दिवस रविवारचा. काका सकाळीच पाने-पकडी आणि दोर घेऊन आले. खोका उघडल्यावर त्यांनी यंत्र एका हाताने उचललं आणि म्हणाले, "ह्या? ही तर मिक्सराची मोटर दिसता. वयनी, तुमचो मिक्सर असा मां जाग्यार?"

"असा," आई म्हणाली. "आणि ह्या मोटरीक जेवाण वाडूचा लागणा नाय, ह्या एक बरा. चेडू सुटला," तिने माझ्याकडे हात केला.

सगळे हसले. मीही हसले.

आमच्याकडे अंगणात काही नवीन उभारायचं तर आधी त्या जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे त्याच्यापुढे आपलं मागणं मांडतात. घरातला मोठा माणूस बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून होकार देतात. इंग्लिश शाळेत जायला लागल्यापासून मला त्याची लाज वाटायची. मी ओठ हलवायचे, आवाज मोठ्यांचा असायचा.

पपांनी मनोऱ्याच्या पायाशी नारळ धरला. "बा राखणदारा महाराजा, ह्या जाग्याचो तू मालक. तुका इचारल्याशिवाय आमी हय खड्डो मारूक नाय, खांब उबो करूक नाय."

"व्हय महाराजा!" आई आणि काका म्हणाले.

"आज खांबार नवीन यंत्र चडता हा. चेडवान आपल्या हातान निवडल्यान हा."

"व्हय महाराजा!"

"वारो धरतला म्हणून तेना शब्द दिल्यान हा. तेचो शब्द तो आमचो शब्द. तो खोटो पडूक देव नको."

काका म्हणाले, आई म्हणाली. मी नुसते ओठसुद्धा हलवले नाहीत. पपा थांबले. ज्याच्या शब्दाचं गाऱ्हाणं, त्याचा आवाज आल्याशिवाय ते पुढे जाणार नव्हते.

"गो, झोपलंस काय?" काका म्हणाले.

"धरचा नाय," मी म्हटलं.

"काय?"

"हा वारा धरणार नाही. पहिल्याच पावसात फिरून जाईल, कदाचित मोडेल. मला माहीत होतं."

पपांनी मान वळवली नाही. नारळ तसाच धरून ते म्हणाले, "राखणदाराक उबो करून ठेव नको. काय असा ता सगळा एकदम सांग."

मी सांगितलं. हैदराबाद, नोकरी, कधी जायचं, आणि जड यंत्र मी गेल्यावर आलं असतं म्हणून हे घेतलं, हेही. जमिनीकडे बघत, वाक्यं अर्धी सोडत सांगितलं. काकांनी हातातला पाना हळूच पायरीवर ठेवला.

पपांनी मान वर करून मनोऱ्याच्या माथ्याकडे पाहिलं. मग त्यांनी नारळ पुन्हा उचलून धरला. आवाज मघासारखाच होता, फक्त जरा सावकाश.

"बा राखणदारा महाराजा, आदी सांगलंय ता मागे घेतंय. यंत्र आज चडणा नाय. चेडू परगावाक चल्ला हा. तेच्या वाटेर काय आडवा-तिडवा असात ता दूर कर."

"व्हय महाराजा," काका म्हणाले.

पपा आईच्या होकारासाठीही थांबले. तिने मला विचारलं, "थंय जेवणाची सोय काय?"

"कँटीन असा."

"कँटीन," ती म्हणाली. मग दुखरा खांदा दुसऱ्या हाताने धरून ती 'व्हय महाराजा' म्हणाली, पण इतक्या हळू की काका म्हणाले, "वयनी, मोठ्यान. तेका आयकाक येवक व्हया."

ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने.

माझ्यासाठीच्या गाऱ्हाण्याला मी होकार द्यायचा असतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही. पपांनी नारळ फोडला.